माशांच्या दोन फुटी टँकमध्ये रॅम परत घेऊ का अ‍ॅपिस्टो बघू? घोडबंदर रोडचं पाणी आहे

घोडबंदरवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, जरा लांबेल तर सांभाळून घ्या.

कासारवडवलीला राहतो, सातवा मजला. हॉलमध्ये २ बाय १ बाय १ फुटाचा टँक आहे. कागदावर ५६ लिटर होतात पण वाळू, दगड घालून आणि वर दोन बोटं सोडून भरलं की ४५ च्या आसपासच पाणी बसत असेल. स्पंज फिल्टर, साधी एलईडी पट्टी, ५० वॉटचा हीटर, दोन-चार अनुबियासची झाडं.

गेल्या दिवाळीत चार इलेक्ट्रिक ब्लू रॅम आणले होते. दुकानदार म्हणाला एकदम शांत मासा, सगळ्यांबरोबर राहतो, काही टेन्शन नाही. शनिवारी टँक भरला, रविवारी मासे सोडले (हो माहितीये, आता माहितीये). पाचव्या दिवशी एकजण काळपट पडून हीटरच्या मागे जाऊन बसला, खायचं बंद केलं, आणि नवव्या दिवशी चारही गेले. मुलगी तिसरीत आहे आणि तिने चौघांची नावं ठेवली होती, त्यामुळे त्या रविवारी घरात काय झालं ते सांगत बसत नाही. बायकोने सांगितलंय शेवटचा चान्स, नाहीतर टँकमध्ये कोथिंबीर लावणार.

त्यानंतर टँक रिकामा आहे पण फिल्टर बंद केलेला नाही. आता वाचून वाचून डोकं फिरलंय. कोणी म्हणतो रॅम नाजूक, बोलिव्हियन रॅम घे. कोणी म्हणतो अ‍ॅपिस्टो. कोणी म्हणतो क्रिबेन्सिस घे, मरता मरत नाही. मला ड्वार्फ सिक्लिडच (म्हणजे हे रॅम, अ‍ॅपिस्टो वगैरे सिक्लिड कुळातले छोटे मासे) हवाय कारण तो डोळे फिरवून आपल्याकडे बघतो ना, ते टेट्रा-गप्पीमध्ये नाही. प्रश्न असे की जर्मन ब्लू आणि इलेक्ट्रिक ब्लूमध्ये कोण कमी नाजूक, दोन फुटांत दोन जोड्या बसतील का, आणि सोबत निऑन टेट्रा चालतील का. पाणी स्ट्रिपने बघितलं तर पीएच (सातच्या खाली आंबट, वर अल्कधर्मी) ७.८ ते ८ च्या मधे कुठेतरी दाखवतोय. बजेट फार नाही पण परत मासे मारायचे नाहीत.

कळव्याचा बंड्या

दादा कशाला नाजूक माशांच्या नादी लागता, एक फ्लॉवरहॉर्न घ्या, हाताला येऊन खातो, वास्तूला पण चांगला. माझा तीन वर्षं झाली मस्त आहे.

कोपरीची ताई

बंड्या, दोन फुटांत फ्लॉवरहॉर्न? तो फूटभर होतो रे, वळायचा कसा. वास्तू त्याची पण बघ की थोडी.

नेरुळकर काका

मी साधारण वीस वर्षं सिक्लिड ठेवतोय आणि त्यातली पहिली चार-पाच वर्षं तुझ्यासारखेच मारले आहेत, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

आधी जर्मन आणि इलेक्ट्रिकचं सांगतो. दोन्ही एकच मासा. रामिरेझी. जर्मन ब्लू हे नाव जर्मनीत निवडून वाढवलेल्या रंगामुळे पडलं, इलेक्ट्रिक ब्लू ही त्याचीच अजून पुढची निवडून काढलेली रंगाची जात, गोल्ड पण तोच. रंगासाठी पिढ्यान् पिढ्या आतल्या आत जुगवलेला मासा तब्येतीने उणाच असतो, त्यामुळे त्यातल्या त्यात साधा जर्मन ब्लू बरा. बलून नावाचा फुगीर प्रकार मिळतो तो तर घेऊच नको, कणा आखडलेला असतो बिचाऱ्याचा. आणि दुकानात सगळेच्या सगळे रंगाने भडक दिसले तर खूश होण्यापेक्षा शंका घ्यावी, रंग चढवायला हार्मोन देतात काहीजण, असे मासे घरी आले की महिन्याभरात फिके पडतात आणि अंडी काही धरत नाहीत.

आता तो मूळचा कुठला ते बघ. व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातली गवताळ मैदानं, तिथलं पाणी उथळ, कोमट, एकदम मऊ आणि आंबट. म्हणून त्याला २८-२९ डिग्री लागतं. आपल्याकडे लोक म्हणतात मुंबईत हीटर कशाला, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे टँकचं पाणी २२-२३ ला येतं, आणि रॅम तेवढ्याने कोपऱ्यात बसतो. बोलिव्हियन रॅम त्याचाच भाऊ, १९११ सालीच शास्त्रज्ञांनी नोंदवलेला, म्हणजे रामिरेझीच्या बरीच वर्षं आधी, रामिरेझीचा नंबर १९४८ ला लागला. तो थोडा मोठा होतो, सात-आठ सेंटिमीटर, रंगाने साधा पण स्वभावाने समजूतदार आणि पाण्याच्या बाबतीत फारच कमी कटकट्या. मला विचारशील तर हा मासा लोकांनी उगाच मागे टाकलाय.

तुझे मासे दोन कारणांनी गेले असणार. एक, टँक पिकलेला नव्हता. माशाच्या घाणीतून अमोनिया निघतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये बसायला महिना-सव्वा महिना लागतो. शनिवारी भरून रविवारी मासे म्हणजे त्यांना संडासाच्या खोलीत कोंडल्यासारखं. त्यात पीएच ८, आणि पीएच जितका वर तितका तोच अमोनिया जास्त विखारी होतो. आणि हो, तुझा रिकामा टँक फिल्टर चालू ठेवून इतके महिने पडलाय म्हणून तो पिकलाय असं समजू नको, जिवाणूंना खायला काहीच नसेल तर ते उपाशी राहून कमी होतात. रोज चिमूटभर मासे-दाणा टाकत जा, किंवा ओळखीच्या माणसाचा चालू फिल्टरचा स्पंज तुझ्या टँकमध्ये पिळ, पाणी काळं होईल, घाबरू नको, ते सोनं आहे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा नाही.

पण दुसरं कारण मला जास्त खुपतंय. पीएच ८? ठाण्यात? आमच्याकडे नेरुळला मोरबे धरणाचं पाणी, तुमच्याकडे भातसाचं, दोन्ही म्हणजे सह्याद्रीवरून आलेलं पावसाचं पाणी. काळ्या दगडावरून येतं, त्यात विरघळणार काय. माझ्या नळाला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे, ७० ते १०० च्या मधे असतो, रॅमसाठी यापेक्षा चांगलं पाणी कुठे शोधूनही मिळणार नाही. तुझं पाणी कॉर्पोरेशनचं नाहीच असं वाटतंय मला. किंवा टँकमध्ये संगमरवराची खडी घातली आहेस का? पांढरी? एक खडा काढून त्यावर लिंबू पिळ, फेस आला तर चुनखडी आहे, फेकून दे. आणि एक टीडीएस मीटर घे पेनासारखा, दोन-तीनशेला येतो, मासे घ्यायच्या आधी.

दोन जोड्या नको. दोन फुटांत एक जोडी, संपलं. सिक्लिडला जमीन लागते, पाणी किती लिटर आहे त्याला फारशी किंमत नाही, तळाचा चौरस फूट किती ते महत्त्वाचं.

कोपरीची ताई

काकांचं सगळं बरोबर, पण मी अ‍ॅपिस्टोच्या बाजूने बोलणार.

माझ्याकडे अ‍ॅपिस्टोग्रामा कॅकाटुऑइड्स आहेत, अडीच वर्षं झाली. नाव काकाकुवावरूनच पडलंय कारण नराच्या पाठीवरचे पहिले तीन-चार काटे तुऱ्यासारखे उभे राहतात. पेरूमधला मासा. नर सात-आठ सेंटिमीटर, मादी जेमतेम पाच. अ‍ॅपिस्टोमध्ये शेकड्याच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणी पाण्यासाठी रडारड करतात, अगासिझी घ्याल तर ती पण थोडी नखरेल आहे, पण ही काकाकुवावाली सगळ्यात सोशिक. साधारण २५-२६ डिग्रीला मजेत असते. मला वाटतं पहिला ड्वार्फ सिक्लिड हाच घ्यावा.

यांना गुहा लागते. दुकानात त्या चिनी मातीच्या गुहा मिळतात त्यावर पैसे घालू नका. आमच्याकडे संक्रांतीची सुगडं उरतात ना दरवर्षी, पोटमाळ्यावर ढीग पडलेला असतो, त्यातलं साधं भाजलेलं घ्यायचं, चमकी किंवा ऑइलपेंट लावलेलं नको. हळदकुंकू घासून काढायचं, आठवडाभर बादलीत भिजवायचं पाणी बदलत, आणि आडवं करून अर्धं वाळूत पुरायचं. तोंड मोठं वाटलं तर पुढे एक दगड टेकवा, मादी आत जाईल आणि नर अडेल एवढीच फट ठेवायची. करवंटी पण चालते, कडेला एक इंचाचं भोक पाडून पालथी घालायची, पण ती आधी दोन-तीनदा उकळा, नाहीतर पाण्यावर खोबऱ्याची बुळबुळ येते. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या सुगडात मासे घालतेस का गं, आता त्याच पाहुण्यांना दाखवतात.

पिल्लं झाली तर टीव्ही बंद करून बसाल. मादी एरवी मातकट दिसते, अंडी घातली की एका दिवसात हळदीसारखी पिवळी धमक होते, त्यावर काळे कुळकुळीत ठिपके. अंडी सुगडाच्या आत छताला चिकटवते, लालसर, खसखशीपेक्षा थोडी मोठी. पिल्लं पोहायला लागली की ती त्यांना घेऊन फिरायला निघते आणि काही धोका वाटला की अंग झटकते एकदा, नुसतं थरथरल्यासारखं, आणि पन्नासच्या पन्नास पिल्लं एका क्षणात वाळूवर बसतात. दिसेनाशीच होतात. मी टँकसमोर हात नेऊन हा खेळ इतक्या वेळा केला की मलाच लाज वाटली नंतर.

एक गंमत सांगते. अ‍ॅपिस्टोमध्ये पिल्लं नर होणार का मादी हे बऱ्यापैकी सुरुवातीच्या दिवसांतल्या तापमानावर ठरतं, गरम पाण्यात नर जास्त. माझी मे महिन्यातली पिल्लं मोठी झाली तेव्हा २२ मधले १९ नर निघाले. एवढ्या नवरदेवांचं करायचं काय. शेवटी डोंबिवलीच्या एका ओळखीच्यांना दिले.

पानं टाका बदामाची. आपल्या सोसायटीतला तो रस्त्याकडेचा बदाम, ज्याची फळं शाळेत असताना दगडाने फोडून खायचो तोच. तपकिरी होऊन आपसूक गळलेलं पान घ्यायचं, हिरवं नाही, आणि हायवेच्या कडेचं तर अजिबात नाही. डासांची फवारणी झाली असेल त्या आठवड्यात पण नको. धुऊन एक मोठं पान टाकलं की पाणी कोऱ्या चहासारखं होतं. घरातले म्हणतील घाण पाणी आहे. म्हणू देत.

वाळू बारीकच हवी. हे मासे तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून गाळतात, खडी असली तर ते करताच येत नाही.

खारघर_२१

मी दुसरंच सुचवतो. पाणी पीएच ८ असेल आणि कडक असेल तर पाण्याशी कुस्ती कशाला, त्या पाण्याचा मासा घ्या ना. मल्टी. निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस, आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले शंखात राहणारे. सिक्लिडमधले सगळ्यात छोटे म्हणतात ते हेच, नर पाच सेंटिमीटरच्या आत. दोन फुटांत अख्खी वसाहत बसते. दोन इंच वाळू घाला आणि रिकामे शंख टाका. मी भातशेतीतल्या गोगलगायींचे शंख वापरलेत, गावाहून पिशवी भरून आणले, उकळून स्वच्छ करायचे, एका माशामागे तीन तरी ठेवा. दिवसभर वाळू उपसत असतात, तोंडाने उचलायची, शेजाऱ्याच्या दारात टाकायची, मग शेजारी परत इकडे टाकणार. आमच्या सोसायटीचं पार्किंगच.

घोडबंदरवाला

एवढं सगळं लिहिलंत, आभार. खडी काळी आहे, लिंबू पिळलं, काही झालं नाही. टीडीएस मीटर काल आला.

४८५!!

खारघर दादा, मल्टीचे व्हिडिओ बायकोला दाखवले, ती म्हणाली रंग कुठेत. पण पाणीच जर असं असेल तर मग तेच घ्यावे लागतील असं दिसतंय. सोसायटीत टँकरचं पाणी येतं हे खरंय, उन्हाळ्यात तर दिवसाला कितीतरी टँकर लागतात, मेन्टेनन्सच्या निम्म्या भांडणाचा विषय तोच असतो.

नेरुळकर काका

थांब, मल्टी घेऊ नको अजून. दोन गोष्टी विचारतो.

तुमच्या सोसायटीत सॉफ्टनर प्लांट आहे का? सेक्रेटरीला विचार. टँकरचं बोअरवेलचं पाणी असलं की गीझर आणि नळ खराब होतात म्हणून बऱ्याच सोसायट्यांनी बसवलाय. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो आणि त्याच्या जागी सोडियम घालतो, टीडीएस तेवढाच राहतो. म्हणजे मीटर ४८५ दाखवेल पण मल्टीला जो कडकपणा हवा तो त्यात नसेल, आणि रॅमला जो मऊपणा हवा तो पण नसेल. ना इकडचा ना तिकडचा. टीडीएस मीटर नुसता सांगतो की काहीतरी विरघळलंय, काय ते सांगत नाही, त्याला जीएच (कडकपणा) आणि केएच (पीएच धरून ठेवायची ताकद) मोजणारं थेंबवालं किट लागतं.

दुसरं, टँक भरलास कुठून? बाथरूममधून पाइप लावून का?

घोडबंदरवाला

हो, बाथरूममधूनच, हॉलच्या जवळ तोच नळ आहे. का?

नेरुळकर काका

किचनच्या नळाचं मोज.

घोडबंदरवाला

काका. किचन ९२. बाथरूम ४८५.

मी पाच मिनिटं मीटर हातात घेऊन दोन नळांच्या मधे फेऱ्या मारत होतो, बायकोला वाटलं काही हरवलंय. खाली जाऊन वॉचमनना विचारलं तर ते म्हणे साहेब किचनची लाइन वेगळी टाकी, तिच्यात फक्त कॉर्पोरेशनचं, बाकी सगळं टँकरचं आणि सॉफ्टनरचं. आठ वर्षं राहतोय या घरात, मला माहितीच नव्हतं. म्हणजे त्या चार रॅमना मी मऊ पाण्यातून काढून मिठाच्या... जाऊ दे. किचनच्या पाण्याचा पीएच ७.२ आला स्ट्रिपवर.

कोपरीची ताई

अहो नका वाईट वाटून घेऊ, घोडबंदरला निम्म्या लोकांना माहीत नसतं. आता बादल्या उचलायची तयारी ठेवा फक्त 😄

खारघर_२१

माझा सल्ला मागे घेतो. मल्टी कॅन्सल. वहिनींना सांगा रंगाची सोय झाली.

नेरुळकर काका

झालं मग, तुझ्याकडे घरातच दोन खंड आहेत, फक्त दक्षिण अमेरिका किचनमध्ये निघाली.

बाथरूमचं पाणी आता टँकच्या जवळ नको. सगळं पाणी उपसून किचनच्या पाण्याने भर, पण स्पंज नळाखाली धुऊ नको, क्लोरीनने जिवाणू मरतात, टँकच्या काढलेल्या पाण्यातच पिळ. दर बदलाला पाणी आदल्या रात्री बादलीत काढून हवेचा दगड लावून ठेव किंवा अँटी-क्लोरीन घाल. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ आलं की क्लोरीन वाढवतात, नाकाला कळतंच, तेव्हा थोडं जास्त सांभाळ. आठवड्याला २५ टक्के बदल पुरे, एकदम अर्धा टँक नको. एवढ्या मऊ पाण्यात केएच कमी असतो, म्हणजे पीएचला धरून ठेवणारं फारसं काही नसतं, बदल टाळत राहिलास तर पीएच हळूहळू घसरत जातो आणि एके दिवशी धाडकन पडतो.

मासा कुठला? तुझं पाणी आता रॅमला चालेल. पण घरात एकदा चार मासे गेलेत आणि छोकरी बघतेय, म्हणून मी ताईंच्या बाजूला जातो, पहिले सहा महिने काकाकुवा अ‍ॅपिस्टो ठेव, हात बसला की मग रॅमचं बघ. क्रिबेन्सिस पण चांगला, नायजेरियाकडचा, मादीचं पोट अंजिराच्या गराच्या रंगाचं होतं, पण नर दहा सेंटिमीटरपर्यंत जातो आणि पिल्लं झाली की दोन फुटांतल्या इतर सगळ्यांना काचेला चिकटवून ठेवतो. निऑन चालतील, सात-आठ आण, आणि अ‍ॅपिस्टोच्या आधी आण. वर बिनधास्त फिरणारे मासे दिसले की सिक्लिडला वाटतं धोका नाही, मग तो लपत नाही. कोरीडोरास (तळात फिरणारे छोटे कॅटफिश) नको, ते तळात नाक खुपसत अंड्यांपाशी जातात आणि मार खातात.

कुर्ल्याला मासे घ्यायला जाणार असशील तर सकाळी लवकर जा, दुकानदाराला सांग समोर खायला घाल. खाल्लं नाही तर मासा कितीही सुंदर असो, सोडून दे. पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत असेल तरी नको. आणि मीटर खिशात ठेव, त्याच्या टँकचा टीडीएस बघ, त्याला राग आला तर येऊ दे. फरक जास्त असेल तर घरी बारीक नळीतून थेंब थेंब करत तास-दीड तास लाव.

कळव्याचा बंड्या

मला एक सांगा, आपल्याकडचा देशी ड्वार्फ सिक्लिड नाहीच का कुठला? सगळं अमेरिका आणि आफ्रिकाच.

नेरुळकर काका

आहे ना. भारतात देशी सिक्लिड फक्त तीनच, त्यातला ऑरेंज क्रोमाइड हा छोटा, आठ सेंटिमीटरचा, दक्षिणेकडच्या खाड्या आणि गोड्या पाण्यात असतो. सुंदर मासा आहे पण गटात ठेवावा लागतो, दोन फुटांत सांगणार नाही. त्याचा मोठा भाऊ म्हणजे आपली कलुंदर, जी कोकणात तळून खातात. बाकी तलावात मिळणारी चिलापी पण सिक्लिडच, पण ती आफ्रिकेची, इथे आणून सोडलेली.

कळव्याचा बंड्या

म्हणजे मी आयुष्यभर सिक्लिड खात आलोय. बरं.

घोडबंदरवाला

दीड महिना झाला, अपडेट देतो, आणि एक प्रश्न पण आहे.

टँक किचनच्या पाण्याने भरला. ऑफिसमधल्या एकाकडून जुना स्पंज मिळाला, पिळला, काकांनी सांगितल्यासारखं गटार झालं, दुसऱ्या दिवशी आरशासारखं स्वच्छ. तरी तीन आठवडे थांबलो, नायट्राइट शून्य येईपर्यंत. मग आठ निऑन, मग दहा दिवसांनी काकाकुवाची जोडी, चौदाशेला पडली, दुकानदाराने मीटर बघून तोंड वाकडं केलं पण खायला घातलं समोर. सुगड आईकडून घेतलं, तिला आधी सांगितलं नव्हतं कशाला हवंय ते. खायला आठवड्यातून दोनदा फ्रोझन ब्लडवर्म, बाकी बारीक पेलेट. दुकानात जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) घ्या म्हणाला, नाही घेतलं. मुलीने शाळेत शिकून येऊन सांगितलं की डासांच्या अळ्या वाढवूया बाल्कनीत, तिला सांगितलं बाई, महापालिकेचे लोक आधी आपल्यालाच दंड करतील.

गेल्या शुक्रवारी आमच्याकडे शटडाऊन होता, पाणी नाही. शनिवारी सकाळी किचनचा नळ आला, बादली भरली, सवयीने मीटर बुडवला तर ३४०. वॉचमन म्हणे कमिटीने किचनच्या टाकीत पण टँकर ओतला रात्री, पर्याय नव्हता. ती बादली भांड्यांना गेली आणि पाणी मंगळवारी बदललं, ९५ आल्यावर.

आता प्रश्न. परवापासून मादी पिवळी झालीये. काल रात्री मोबाइलचा टॉर्च मारून सुगडात बघितलं तर छताला काहीतरी लालसर आहे. पण तिने नराला पार वरच्या कोपऱ्यात हीटरपाशी घालवून ठेवलंय, तो खाली यायला लागला की ती अंगावर धावून जाते, एवढीशी असून. शेपटीची कड थोडी फाटलीये त्याची. काढू का त्याला बाहेर? मुलीने त्याचं नाव ठेवलंय, त्यामुळे यावेळी जरा टेन्शन आहे.

कोपरीची ताई

अभिनंदन!! आज लगेच काढू नका, खात असेल आणि नुसती कड फाटली असेल तर तो पण बाहेरून निऑनना हाकलायचं काम करतो. त्याला तिच्या नजरेआड जायला जागा द्या, हीटरच्या बाजूला झाडं दाट करा, एक करवंटी तिकडे टेकवा, सुगडाचं तोंड आणि तो कोपरा यांच्या मधे एक उभा दगड. दोन दिवसांत फाटणं वाढलं किंवा तो खायचा थांबला तर मग काढा. टॉर्च मारू नका सारखा, पहिल्या खेपेला घाबरून अंडी खाते ती. पिल्लं पोहायला लागायला अजून आठ-दहा दिवस आहेत, तोवर पिल्लांना खायला घालायच्या आर्टेमियाची (कोळंबीसारखे अगदी बारीक जीव) अंडी आणून बाटलीत उबवायची प्रॅक्टिस करून घ्या, ऐनवेळी जमत नाही.

आणि हीटर कितीवर आहे? २९ वगैरे असेल तर २६ ला आणा हळूहळू, नाहीतर माझ्यासारखे एकोणीस नवरदेव होतील.

घोडबंदरवाला

२९ वरच होता. रॅमच्या वेळचा तसाच राहिला. आता कमी करतोय, रोज एक डिग्री.